आजोबांचा क्लेम सोडून द्यायची सही कोणी केली?

संपादक महोदय, नमस्कार.

युक्रेनच्या लोकांचं युद्धात जे नुकसान झालंय त्याची नोंद ठेवायला हेगला एक रजिस्टर उघडलंय. २०२३ मध्ये युरोपातल्या देशांनी मिळून ते सुरू केलं आणि एप्रिल २०२४ पासून लोकांचे अर्ज घेणं चालू झालं, घर पडलं, माणूस गेला, जे झालं ते लिहून ठेवायचं, पैसे कोण देणार आणि कधी ते पुढचं पुढे. त्याबद्दल वाचलं तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. पत्र मोठं होणार आहे, जागा नसेल तर कापा, पण १९५२ च्या भारत-जपान तहाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी गेली बावीस वर्षं फोर्टमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला आहे. दिवसभर समोर लोकांचे फॉर्म, बिलं, पंचनामे. आणि आमच्या स्वतःच्या घरात दोन पिढ्या अशा झाल्या की परक्या सैन्याच्या ताब्यात राहायची वेळ आली. आजोबा १९४२ ते ४५ जपान्यांच्या कैदेत होते आणि बाबा, आई, भाऊ आणि मी १९९० मध्ये कुवेतमध्ये अडकलो होतो. बाबांना भरपाई मिळाली, आजोबांना एक रुपया नाही. त्रासाच्या मापाने बघितलं तर आजोबांचा त्रास कितीतरी मोठा, तरीही असं का झालं हे मला कळायला बरीच वर्षं लागली आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

आधी कुवेतचं सांगते, कारण तिथे काय नीट झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार, इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तो दिवस. मी अकरा वर्षांची. आम्ही साल्मियाला राहायचो, बाबांचं एसी आणि फ्रीज रिपेअरिंगचं वर्कशॉप होतं, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर धंदा चालतो तो स्थानिक मालक, कुवेती, काम सगळं बाबांचं. सकाळी दूध आणायला खाली गेलेले बाबा दूध न घेताच वर आले आणि आईला म्हणाले, दार लाव आणि पोरांना गॅलरीत जाऊ देऊ नकोस. पुढचे पाच आठवडे म्हणजे पावासाठी रांगा, रात्री लाईट बंद करून बसणं, आणि इराकने कुवेती दिनार इराकी दिनारच्या बरोबरीचा करून टाकला तेव्हा चौदा वर्षांची बचत हातातल्या हातात विरघळली ते बाबांच्या चेहऱ्यावर बघणं. आईने मंगळसूत्र परकराच्या नेफ्यात शिवलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही निघालो, बसने बसरा, मग बगदाद, मग जॉर्डनची हद्द, रुवैशिदला वाळवंटातल्या तंबूत नऊ दिवस. पाण्याचा टँकर आला की माणसं बादल्या घेऊन धावायची, भावाला जुलाब लागले होते आणि आई त्याला साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत रात्रभर बसायची. तंबूत आमच्याबरोबर केरळचं एक कुटुंब होतं, रत्नागिरीचे दोघं भाऊ होते आणि एक आंध्रची बाई, घरकामाला गेलेली, तिचा पासपोर्ट मालकाकडेच राहिला होता आणि ती सगळ्यांना एकच विचारायची की मला विमानात घेतील ना?

अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने सहारला उतरलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ फेऱ्यांमधून १ लाख ११ हजारांवर माणसं अशी आणली गेली, त्यातले आम्ही चार. एअरपोर्टवर कोणीतरी बटाटेवडा आणि चहा दिला, तो वडा हातात धरून बाबा रडले, त्याआधी आणि त्यानंतरही मी त्यांना रडताना बघितलं नाही.

आता मुद्द्याचं. १९९१ मध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेने ठरवलं की कुवेतवरच्या हल्ल्यामुळे आणि ताब्यामुळे जे नुकसान झालं त्याला इराक जबाबदार आहे आणि त्यासाठी जिनिव्हात एक भरपाई कमिशन नेमलं. क्लेमवाली बाई म्हणून सांगते, त्या कमिशनने काही गोष्टी इतक्या शहाणपणाने केल्या की आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांना जमत नाहीत. पहिली गोष्ट, साध्या माणसांचे क्लेम आधी, कंपन्या आणि सरकारं नंतर. दुसरी, जो माणूस अंगावरच्या कपड्यांवर पळालाय त्याच्याकडे फ्रीजची पावती मागायची नाही. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या दिवसांत तुम्हाला इराक किंवा कुवेत सोडावं लागलं एवढं दाखवलं की ठरलेली रक्कम, एकट्याला ४,००० डॉलर, कुटुंबाला ८,०००, आणि सामानसुमान, पगार, बँकेतले पैसे याचा वेगळा क्लेम पण करायचा असेल तर हेच आकडे २,५०० आणि ५,००० व्हायचे. जखमी झालेल्याला किंवा घरातलं माणूस गेलेल्याला २,५००, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००. त्याच्या वरचं नुकसान १ लाख डॉलरपर्यंत वेगळ्या फॉर्मवर. लाखो अर्ज एकेक करून तपासले असते तर आमची नातवंडं चेकची वाट बघत बसली असती, म्हणून त्यांनी येण्याजाण्याच्या याद्या गोळा केल्या आणि कॉम्प्युटरवर नावं जुळवली, नाव जुळलं की क्लेम पास, उरलेल्यांतले नमुन्यादाखल तपासले. याला मी न्याय म्हणते, कारण जिथे लाखो लोकांचं एकाच वेळी एकाच कारणाने नुकसान झालंय तिथे प्रत्येकाला आरोपीसारखं उभं करून पुरावा मागणं हाच एक अन्याय आहे.

आमच्या घरचा अनुभव पूर्ण गोड नव्हता. फॉर्म भरायला बाबा इथल्या ऑफिसात चार वेळा गेले, एकदा तर खिडकीवरच्या माणसाने आमची फाईलच दुसऱ्या जिल्ह्याच्या गठ्ठ्यात घालून ठेवली आणि सात महिने ती सापडेना. वर्कशॉपच्या मशिनरीचा जो मोठा क्लेम होता त्यातला निम्म्याहून कमी मंजूर झाला कारण लायसन्स कफीलच्या नावावर. पण कुटुंबाचे पाच हजार डॉलर मिळाले, हप्त्यांत मिळाले, नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, आणि त्यातून मरोळच्या या घराचं डिपॉझिट भरलं गेलं, मी आत्ता ज्या टेबलावर बसून हे लिहितेय ते घर.

आणि एक गोष्ट, जी बाबा प्रत्येक वेळी सांगायचे आणि मलाही सांगितलीच पाहिजे. ते पैसे इराकच्या तेलातून कापले जायचे, सुरुवातीला मिळकतीच्या ३० टक्के, २००० मध्ये २५, सद्दाम गेल्यावर २००३ मध्ये ५ टक्के. त्याच वर्षांत इराकवर निर्बंध होते, दवाखान्यात औषध नव्हतं, मुलं मरत होती. बसऱ्याला आमची बस थांबली होती तेव्हा एका इराकी बाईने घरातून माठ आणून आम्हा सगळ्यांना पाणी पाजलं होतं, स्वतःचा मुलगा सैन्यात आहे म्हणाली होती. बाबा म्हणायचे त्या बाईच्या तोंडचं काढून मला दिलं असेल तर ते मला पचणार कसं? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की आमच्यासारख्यांच्या पाच-पाच हजारांमुळे इराक बुडत नव्हता. कमिशनने एकूण सुमारे ५,२४० कोटी डॉलर वाटले, १५ लाखांवर क्लेमदारांना, आणि त्यातले १,४७० कोटी एकट्या कुवेतच्या तेल कंपनीचे, ज्याचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला. माणसांचं आधी द्यायचं हे जसं ठरवलं तसं ज्याच्याकडून घ्यायचं तिथल्या माणसांच्या पोटाचंही आधी बघायचं हे सुरुवातीपासूनच ठरवायला हवं होतं, २००३ ला टक्केवारी खाली आली तोवर उशीर झाला होता.

अजून एक, या सगळ्यात क्लेम सरकारमार्फत करायचा होता. ज्याला सरकार होतं त्याचं भागलं. कुवेतमधल्या पॅलेस्टिनी लोकांचं काय, त्यांच्यासाठी बऱ्याच वर्षांनी उशिरा अर्जांची वेगळी सोय करावी लागली. हे लक्षात ठेवा, सरकार असणं किती महत्त्वाचं, कारण आजोबांच्या बाबतीत सरकार होतं आणि त्यानेच क्लेम सोडून दिला.

आजोबा खलाशी होते. दाभोळच्या बाजूचं आमचं गाव, तिथल्या घराघरातला एक तरी माणूस तेव्हा बोटीवर, मुंबईच्या बंदरातून गोऱ्यांच्या मालवाहू बोटी निघायच्या त्यावर सारंग, टंडेल, खलाशी सगळे कोकणातले. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदीच थोडा. १९३९ ला युद्ध लागल्या लागल्या याच लोकांनी परदेशी बंदरांत काम बंद ठेवून पगारवाढ मागितली आणि त्यातल्या कितीतरी जणांना तुरुंगात टाकलं हे पण कोणी आठवत नाही. त्या युद्धात ६,६०० च्या आसपास भारतीय खलाशी मेले आणि बाराशेच्या वर शत्रूच्या कैदेत पडले. हे सैनिक नव्हेत, यांच्या अंगावर वर्दी नाही, हातात बंदूक नाही, यांना सिव्हिलियन म्हणायचं की कैदी म्हणायचं ते कोणी धड ठरवलं नाही आणि त्याचाच तोटा यांना शेवटपर्यंत झाला.

मार्च १९४२ मध्ये जावा, आताच्या इंडोनेशियातलं बेट, जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा आजोबांची बोट तिथल्या बंदरात होती. साडेतीन वर्षं. गोदीत हमाली, नंतर रस्ता खणायला, भात म्हणजे मूठभर आणि त्यात खडे. बेरीबेरीने पाय सुजायचे, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, हे ते आम्हाला स्वतःच्या पोटरीवर दाबून दाखवायचे. गावी कंपनीकडून येणारी मनीऑर्डर काही महिन्यांनी बंद पडली आणि बोटीचा पत्ता नाही एवढंच कळवलं. आजीला गावातल्या बायका म्हणाल्या आता कुंकू पूस. तिने पुसलं नाही. तीन वर्षं लोकांचं ऐकून घेत, दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊन तिने मोठ्या आत्याला वाढवलं, आणि १९४६ च्या शिमग्याच्या आधी एक हाडांचा सापळा खाडी उतरून अंगणात आला तेव्हा तिने आधी ओळखलंच नाही. हे आजी सांगायची. आजोबा सांगायचे नाहीत. ते फक्त ताटाबाहेर पडलेलं शीत उचलून खायचे, आमच्या ताटाबाहेर पडलेलंही.

बाबांचा पहिला हप्ता आला तेव्हा आजोबा मुंबईत आमच्याकडेच होते. बाबांनी ते पत्र त्यांच्या हातात दिलं, इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण बराच वेळ हातात धरून बसले आणि म्हणाले, "तुझी नोंद झाली हो, बरं झालं." स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. १९९८ च्या पावसाळ्यात ते गेले.

त्यांची नोंद का झाली नाही ते मी पुढे शोधत गेले. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोला जपानशी मोठा तह झाला. त्यात मित्रराष्ट्रांनी जपानकडची बरीचशी भरपाई सोडली पण एक कलम ठेवलं, सोळावं, की तटस्थ देशांत जपानची जी मालमत्ता आहे ती रेडक्रॉसच्या हवाली करायची आणि त्यातून युद्धकैद्यांना वाटायचं. त्या तहाप्रमाणे ब्रिटिश युद्धकैद्याला ७६ पौंडांच्या आसपास आणि नजरकैदेतल्या ब्रिटिश नागरिकाला ४८ पौंडांच्या आसपास मिळाले. रक्कम किरकोळच, पण नोंद झाली. भारत त्या तहाला गेला नाही. जपानवर अमेरिकेचे तळ राहणार हे पंडित नेहरूंना पटत नव्हतं, जपानला मानाने आणि बरोबरीने वागवावं असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. मग ९ जून १९५२ ला टोकियोत भारत आणि जपानचा वेगळा तह झाला. त्याच्या सहाव्या कलमात भारताने जपानकडची सगळी युद्धभरपाई सोडली, आणि एवढ्यावर न थांबता युद्धाच्या ओघात जपानने जे केलं त्याबद्दलचे भारताचे आणि भारतीय नागरिकांचे सगळे दावे पण सोडले. भारतीय नागरिकांचे. उलट भारतात अडकलेली जपानची मालमत्ता परत करायचं कबूल केलं.

आमच्या ऑफिसात दुसऱ्याच्या क्लेमवर "पूर्ण आणि अंतिम" म्हणून सही करायची असेल तर त्या माणसाचं अधिकारपत्र लागतं. नवऱ्याच्या क्लेमवर बायकोची सही चालत नाही, बापाच्या क्लेमवर मुलाची चालत नाही, आणि एजंटने परस्पर सेटल केलं आणि पैसे सोडून दिले तर ती रक्कम एजंटकडून वसूल होते. देशाचा कारभार इन्शुरन्सच्या ऑफिससारखा चालत नाही हे मला कळतं, तह करताना सरकार देशाच्या वतीने बोलणारच. पण सरकारने स्वतःची भरपाई सोडली तर ती त्याची उदारता, माझ्या आजोबांची सोडली तर ती उदारता कोणाच्या खिशातून झाली? मैत्री देशाला मिळाली, चांगलीच झाली, पण तिची किंमत दाभोळच्या खलाशाने आणि त्याच्यासारख्या हजारोंनी भरली, तीही त्यांना न विचारता आणि न सांगता. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या दिवशी सरकारने त्यांचा दावा सोडला त्याच दिवशी ते देणं सरकारवर आलं. जपानवर नाही. आपल्या सरकारवर.

हे मी माझ्या मनाने काढलेलं नाही, दुसऱ्या देशांत हेच झालंय. दक्षिण कोरियाने १९६५ मध्ये जपानकडून ३० कोटी डॉलर अनुदान घेऊन सगळे दावे मिटवले, पैसे कारखाने आणि रस्त्यांना गेले, सत्तरच्या दशकात मेलेल्यांच्या घरच्यांना ३ लाख वॉन दिले आणि मार खाऊन, अपंग होऊन जिवंत परत आलेल्यांना काहीच दिलं नाही. म्हणून तो वाद मिटला नाही आणि २०१८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या मजुरीबद्दल एका जपानी कंपनीने दरडोई १० कोटी वॉन द्यायचा निकाल दिला तेव्हा माणसं नव्वदीच्या पुढे गेलेली. कॅनडाने मात्र १९९८ मध्ये हाँगकाँगला पकडल्या गेलेल्या आपल्या सैनिकांना स्वतःच्या तिजोरीतून माणशी सुमारे २४,००० कॅनेडियन डॉलर दिले. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये २५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दिले, सैनिकांना आणि नजरकैदेतल्या नागरिकांनाही. तह आम्ही केला, दावा आम्ही सोडला, तर पैसेही आम्हीच देऊ हा सरळ हिशोब.

ब्रिटनने पण नोव्हेंबर २००० मध्ये जपान्यांच्या कैदेतून वाचलेल्यांना १०,००० पौंड जाहीर केले. तिथे काय झालं ते सांगते कारण भरपाई कशी देऊ नये याचा तो धडा आहे. इंडियन आर्मीतल्यांपैकी फक्त ज्यांना पन्नासच्या दशकात ब्रिटनमार्फत पैसे मिळाले होते तेच पात्र. नागरिकांसाठी तर आधी घोषणा करून मग अट घातली की तुमचा जन्म, नाहीतर आईवडिलांचा, नाहीतर आजीआजोबांचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला पाहिजे. डायना इलायस नावाची बाई हाँगकाँगमध्ये जन्मलेली, ब्रिटिश प्रजा म्हणूनच जपान्यांनी तिला स्टॅन्ली कॅम्पात डांबली होती, तिला सांगितलं तुम्ही पुरेशा ब्रिटिश नाही. कैदेत टाकताना जपान्यांनी तिच्या आजीचा जन्मदाखला मागितला नव्हता. ती कोर्टात गेली आणि २००६ मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं की हा वंशावरून केलेला भेदभाव आहे. गुरखा सैनिकांना पण आधी वगळलं होतं, २००२ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला तेव्हा त्यांना मिळाले. त्याच छावण्यांत तोच कुजका भात खाल्लेल्या आपल्या माणसांसाठी कोणी कोर्टात गेल्याचं मला सापडलं नाही.

२०१९ ला आईला घेऊन अंदमानला गेले होते, आपल्याकडचे सगळे जातात तशी फॅमिली टूर. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर ही गर्दी, माणसं चपला काढून आत जात होती, आईने पण डोकं टेकवलं. मी गाईडला विचारलं की जपान्यांच्या वेळी इथे कोण होतं, तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला ताई, हे कोणी विचारत नाही. मग त्याने सांगितलं. २३ मार्च १९४२ ला जपानी उतरले ते १९४५ पर्यंत बेटं त्यांच्याच ताब्यात. हेरगिरीचा संशय घेऊन ज्यांना पकडलं त्यांना याच कोठड्यांत टाकलं आणि हाल केले. डॉ. दिवाणसिंग, पंजाबी कवी आणि तिथले डॉक्टर, हाल सोसून १४ जानेवारी १९४४ ला याच जेलमध्ये गेले. ३० जानेवारी १९४४ ला पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला ४४ माणसांना उभं करून गोळ्या घातल्या. युद्धाच्या शेवटी शेवटी, ऑगस्ट १९४५ मध्ये, अन्नाचा तुटवडा म्हणून शेकडो लोकांना शेती करायला नेतो सांगून बोटीत भरलं आणि समुद्रात ढकललं. हे भारताच्या जमिनीवर झालं, भारतीय नागरिकांवर झालं आणि त्यांचेही दावे १९५२ च्या त्याच एका वाक्यात गेले. एकाच जेलच्या भिंती, एका वेळच्या कैद्यांपुढे आपण चपला काढतो आणि दुसऱ्या वेळच्या कैद्यांचं नावही घेत नाही. सावरकरांचा मान कमी करा असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसा अर्थ कोणी काढू नका. हम्फ्रीगंजलाही टूरची गाडी पाच मिनिटं थांबावी असं म्हणतेय.

जपानबद्दल माझ्या मनात राग नाही हेही लिहून ठेवते. मी रोज मेट्रो ३ ने मरोळ नाक्याहून हुतात्मा चौकाला जाते, ती जपानच्या कर्जातून झाली, अटल सेतूही तसाच. आजचा जपानी माणूस माझ्या आजोबांचा देणेकरी नाही. कोणी म्हणेल मग ऐंशी वर्षांनी हे उकरून काढायचं कशाला, वाचलेली माणसंच किती उरलीत? तेच तर. जर्मनीच्या संसदेने २०१५ मध्ये सोव्हिएत युद्धकैद्यांतल्या शेवटच्या वाचलेल्यांसाठी पैसे मंजूर केले, माणशी २,५०० युरो, सत्तर वर्षांनी. उशीर झालाच होता, पण आता उशीर झाला म्हणून सोडून द्या असं ते म्हणाले नाहीत.

मला विचाराल तर आपल्या सरकारने तीन गोष्टी कराव्यात. जपान्यांच्या कैदेत किंवा ताब्यात राहिलेले जे कोणी भारतीय आज हयात असतील, सैनिक, खलाशी, अंदमानातले लोक, मलायातून जपान्यांच्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलेले मजूर, त्यांना आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांना एक ठरलेली रक्कम द्यावी, सगळ्यांना सारखी, हुद्दा न बघता, आणि पुरावा म्हणून यादीतलं नाव किंवा गावच्या दोन माणसांचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरावं, कारण बुडालेल्या बोटीवरून कोणी कागद घेऊन पोहत नाही. ज्यांचं कोणीच उरलं नाही त्यांची निदान नावं एका ठिकाणी छापावीत. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या जुन्या होममध्ये मेलेल्या खलाशांच्या नावांचं पुस्तक आहे, पण जे कैदेतून जिवंत परत आले ते त्यात नाहीत, मेले नाहीत म्हणून नाहीत. आणि तिसरं, यापुढे कुठलाही तह करताना नागरिकांचे दावे सोडायचे असतील तर ते आधी संसदेत सांगून, आणि सोडलेल्या दाव्याचे पैसे आपल्याच तिजोरीतून देण्याची तरतूद करून मगच सोडावेत. आज लाखो आपली माणसं आखातात आहेत, कितीतरी बोटींवर आहेत, उद्या कोणावर काय वेळ येईल सांगता येत नाही.

रुवैशिदच्या तंबूतल्या त्या आंध्रच्या बाईला विमानात घेतलं होतं, मी बघितलंय, ती आमच्या मागच्या रांगेत बसली होती. तिने पुढे फॉर्म भरला का, तिला कोणी सांगितलं का की असा फॉर्म असतो, ते मला कधीच कळलं नाही.

तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, विशेषतः दापोली, गुहागर, खेड, राजापूर या बाजूला, १९४२ ते ४६ मधले बोटीचे डिस्चार्ज कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, बेपत्ता असल्याची पत्रं असतील तर कृपया रद्दीत घालू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे आजोबांचा एकच कागद आहे, आजीने ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला, बोटीचा पत्ता नाही असं कळवलेला, घडीवर फाटलाय पण तारीख अजून वाचता येते.

आपली नम्र,
एक वाचक, मरोळ, मुंबई